पहिला भाडेकरू येण्याआधी: पुण्यातल्या फ्लॅटच्या पैशांची तयारी

ताबा मिळाला की एजंटला फोन करण्याआधी बँकेत जा आणि फक्त या फ्लॅटसाठी एक बचत खातं उघडा. भाडं तिथेच जमा होऊ द्या आणि कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, मिळकतकर तिथूनच जाऊ द्या. पगाराच्या खात्यात भाडं मिसळलं की फ्लॅट आपल्याला पोसतोय की आपण फ्लॅटला, हे वर्षाअखेरीला कळत नाही.

मग वर्षाचा हिशेब मांडा, तो अकरा महिन्यांच्या भाड्यावर. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंगकाम आणि साफसफाईत महिना सहज जातो, हप्ता मात्र थांबत नाही. भाडं २५,००० असेल तर ३ लाख विसरा, २,७५,००० धरा. त्यातून मेंटेनन्स वजा करा. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावेल, ते बिल नीट वाचा. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ही रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. काही ठिकाणी ती अख्ख्या बिलावर लावलेली दिसते, तेव्हा सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते, म्हणून गेल्या वर्षीच्या पावतीवरचा आकडा गृहीत धरू नका.

डिपॉझिटबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. ते आपलं उत्पन्न नाही, भाडेकरूची ठेव आहे. माझ्या पहिल्या भाडेकरूचे ७५,००० रुपये मी घरातल्या फर्निचरवर खर्च केले. त्याची बदली झाली, एक महिन्याची नोटीस देऊन तो निघाला आणि त्याचे पैसे परत करायला मला भावाकडे हात पसरावा लागला. तो मुलगा चांगला होता, दोन आठवडे थांबला. पण गावी परतताना त्याच्याच पैशांसाठी त्याला मला फोन करावे लागले, याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून डिपॉझिट हातात आलं की त्याच दिवशी मुदत ठेवीत टाकते. शिवाय दोन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात वेगळी असल्याशिवाय भाड्यातला एक रुपयाही घरखर्चाला घेत नाही.

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवणं आपल्या गळ्यात पडतं. खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी. हे शुल्क कोण भरणार आणि एजंटची दलाली किती, हे आधीच बोलून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायला विसरू नका.

प्राप्तिकरासाठी फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्षभराच्या भाड्यातून आपण त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि मग कर्जाचं व्याज. प्लंबर, रंगारी, दलाली यांचा खर्च त्या ३० टक्क्यांतच आला, वेगळा दाखवता येत नाही. नव्या करप्रणालीत व्याजामुळे तोटा झाला तर तो पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत येतो. कर्ज मोठं असेल तर प्रणाली निवडण्याआधी सीएंकडून दोन्ही आकडे काढून घ्या. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरू २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच वळता करायचा प्राप्तिकर, कापेल. फ्लॅट परदेशात राहणाऱ्या भावाबहिणीच्या नावावर असेल तर भाडं कितीही असो, कर कापला जातो, आणि तो साधारणपणे ३१.२ टक्के. हे भाडेकरूला आधी सांगा, नाहीतर बिचारा नोटिशीत अडकेल.

चावी देण्याच्या दिवशी महावितरणच्या मीटरचं रीडिंग, गिझर, पंखे, भिंती यांचे फोटो काढा आणि तिथेच उभं राहून भाडेकरूला पाठवा. मागचं वीजबिल भरल्याची पावतीही सोबत जोडा.