ऑफशोरला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

समुद्रातल्या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर पहिली हिच (म्हणजे तिथे सलग राहून काम करायची पाळी) लागली की सगळे दोनच गोष्टी विचारतात, पगार किती आणि हेलिकॉप्टरची भीती वाटते का. पण 14 नाहीतर 28 दिवस त्याच त्याच माणसांत काढायचे कसे हे कोणी सांगत नाही, आणि तिथे चिडून घरी निघून जायची सोय नसते.

सुरुवात केबिनपासून. शिफ्ट 12 तासांची असते त्यामुळे बऱ्याचदा तुम्ही ड्युटीवर तेव्हा केबिनमधला दुसरा झोपलेला, आणि उलट. शिफ्टला जाताना टॉवेल, चार्जर, बदलायचे कपडे, जे काय लागेल ते सगळं एकदमच बाहेर काढा, नंतर परत "एकच मिनिट" म्हणून आत शिरू नका. आणि बॅगेची चेन! अंधारात, शांत केबिनमधे हळूहळू उघडली तर अजूनच जास्त वाजते, त्यापेक्षा बॅग उचलून कॉरिडॉरमधे न्या. घोरत असाल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, समोरचा इअरप्लग घालतो, विषय संपतो.

आता रिलिव्हर म्हणजे तुमचा बॅक टू बॅक, तुम्ही घरी गेलात की तुमच्या जागी येणारा माणूस. तो भेटतो कधी, तर क्रू चेंजला (जुनी माणसं जाऊन नवीन येतात तेव्हा) हेलिडेकवर, हेलिकॉप्टर उतरतं तिथे, क्रॉस होताना, हात केला की झालं. तरी माझ्या मते ऑफशोरचं सगळ्यात जवळचं नातं हेच. हँडओव्हर नोट शेवटच्या रात्री लिहायला बसू नका, डोकं घरी पोचलेलं असतं, रोज दोन ओळी टाकत जा. कुठलं परमिट (कामाची लेखी परवानगी) अजून उघडं आहे, काय काढून ठेवलंय, कुठलं स्पेअर मागवलंय आणि ते कोणाकडे अडकलंय (हे शेवटचं नक्की लिहा, बिचाऱ्याचे दोन दिवस वाचतात). रोजच्या शिफ्ट बदलाला तर नुसती नोट चालतच नाही, तोंडी सांगा, शक्यतो मशीनपाशी उभं राहून. नॉर्थ सीमधला पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म 6 जुलै 1988 ला पेटला, 167 माणसं गेली. मेंटेनन्ससाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, ते रात्रीच्या शिफ्टपर्यंत नीट पोचलंच नाही आणि त्यांनी तोच पंप चालू करायला घेतला.

ड्युटीवर दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा येणाऱ्याला तिथे कोणी तोंडावर बोलत नाही पण विसरतही नाही.

टूलबॉक्स टॉकमधे (काम सुरू करायच्या आधीची छोटी मीटिंग) कळलं नाही तर विचारा, मान डोलवू नका. नवीन आहात तोवर हसतील थोडं, हसू देत.

शेवटच्या आठवड्यात माणसं किरकिरी होतात, फालतू गोष्टीवरून, खुर्चीवरून सुद्धा. मनाला लावून घेऊ नका. पण एरवी बडबडा असलेला माणूस गॅलीत गप्प बसून जेवायला लागला तर एकट्यात गाठून विचारा, घरी सगळं ठीक ना. घरची भानगड डोक्यात घेऊन उंचीवर किंवा क्रेनपाशी काम करणारा माणूस सगळ्यांनाच धोका, तेव्हा गरज वाटली तर सुपरवायझरला सांगा, ती चुगली नाही. आणि नुकत्याच आलेल्या माणसासमोर स्वतःचे उरलेले दिवस मोजू नका राव.

धुक्यामुळे हेलिकॉप्टर कॅन्सल झालं तर बॅग भरून बसलेल्याची मस्करी नको. तो रात्रपाळी करून तसाच जागा असतो आणि आता कदाचित संध्याकाळी परत ड्युटी, त्याला आधी झोपू द्या, पत्ते नंतर काढा.