गोठवलेल्या अंडपेशींचे गुणसूत्र-विभाजन : या चुका टाळा

बेळगावातील आमच्या प्रयोगशाळेत पंढरपुरी म्हशीच्या अंडपेशी गोठवायला शिकणारी मुले दरवर्षी नवी येतात; चुका मात्र जुन्याच असतात. सर्वांत घट्ट बसलेली समजूत अशी, की गुणसूत्रे केंद्रकाच्या पडद्याआड असताना, म्हणजे अपक्व अवस्थेत पेशी गोठवली, की विभाजनाची काळजी मिटली. त्या वेळी तर्कू, म्हणजे गुणसूत्रे ओढून वेगळी करणारा सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा, तयार झालेला नसतो हे खरे. परंतु तो पुढच्या सुमारे चोवीस तासांत उभा राहायचा असतो, आणि भोवतालच्या पोषक पेशींचे धागे गोठवताना तुटले किंवा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बिघडल्या, तर तो वेडावाकडा होतो व गुणसूत्रे मध्यरेषेवर येत नाहीत. पहिला ध्रुवपिंड, म्हणजे विभाजनात अंडपेशीतून बाहेर टाकली जाणारी छोटी पेशी, दिसताच ‘पक्व’ अशी नोंद करणे हा उतावळेपणा आहे. म्हशीची पन्नास गुणसूत्रे नेमकी निम्मी झाली का, हे त्यावरून कळत नाही. मी काही पेशी रंगवून पाहिल्याशिवाय वहीत आकडा लिहीत नाही.

दुसरी चूक मला अधिक छळते. एका डिसेंबरात निपाणीकडच्या एका विद्यार्थ्याच्या पक्व पेशींतले तर्कू जवळजवळ सगळेच विस्कटलेले निघाले. “सर, गोठवल्यामुळेच मोडलेत,” असे तो ठामपणे सांगत होता. तुलनेसाठी ठेवलेल्या, कधीच न गोठवलेल्या पेशी त्याने रंगवल्याच नव्हत्या. रंगवायला लावल्या, तर त्यांचीही तीच गत. मग उलगडा झाला : पेशी मोजताना बश्या तो कडप्प्याच्या ओट्यावर ठेवत असे, आणि बेळगावच्या थंडीत सकाळी त्या ओट्यावर हात टेकवत नाही. तर्कूच्या सूक्ष्मनलिका थंडीने सुट्या होतात, त्यासाठी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनची गरज नसते. तेव्हापासून बशी ठेवायच्या तापपट्टीवर मी स्वतः तापमापी टेकवून पाहतो. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

गोठवण-द्रावणात पेशी जास्त वेळ रेंगाळू देऊ नका. वितळवताना, जिच्यावर पेशी गोठवलेली असते ती पट्टी हवेत धरून बोलत बसू नका, कारण सावकाश तापताना बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढतात. पक्व पेशी वितळवल्यावर लगेच शुक्राणू टोचण्याची घाई तर मुळीच नको. तर्कू पुन्हा जुळायला मी तिला उबवणपेटीत दोन तास देतो, आणि तेवढ्यात जेवून येतो.