कापडी कुत्र्याला 'बस' शिकवायचं कसं

लेकरू "मले कुत्रं पायजे" म्हणून मागे लागलं की आधी कापडाचं द्या, आणि नुसतं हातात देऊन मोकळे होऊ नका, त्याला खरंच शिकवायला लावा. आपल्याकडच्या पोट्ट्यांना हे काही नवं नाही राजेहो, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे आणतात, मंग कापडी मोत्याशी बोलायला कितीसा वेळ लागते.

विकतचं असलं तर ठीक, नाहीतर जुन्या पॅन्टच्या कापडाचं शिवा आणि सरकी काढलेला कापूस भरा. घरात ३ वर्षांखालचं लेकरू असेल तर डोळ्याला बटन लावू नका, ते निघालं की थेट तोंडात जाते, काळ्या दोऱ्याने डोळे भरा. पट्टा म्हणून जुना नाडा चालते, गळ्यात बांधताना मधात दोन बोटं गेली पायजे, खऱ्या कुत्र्याचं मापही तेच.

आता शिकवणं. यात खरी गंमत अशी आहे की कुत्र्यामागे कोणीतरी मोठं माणूस बसलं पायजे, ताई, आजोबा, कोणीही, आणि त्याने कुत्रं हलवायचं. लेकरू समोर. खाऊ म्हणून फुटाणा घ्या, आधी नाकाजवळ धरायला सांगा, मंग हळूच वर आणि थोडा मागे, डोक्यावरून. खरं कुत्रं असंच बसते, मान वर गेली की मागचा भाग आपोआप खाली येते. त्याच वेळी एकदाच म्हणायचं, "बस." लेकरू बस बस बस बस करत ओरडलं तर मोत्याने ढिम्म हलायचं नाही, उलट तोंड फिरवून घ्यायचं. शांत आवाजात एकदा म्हटलं की टेकायचं खाली, आणि टेकल्याबरोबर फुटाणा आणि "शाब्बास", उशीर नको, कारण कुत्र्याला दोन मिनिटांनी दिलेली शाबासकी कशाची होती ते समजत नाही. मागे बसणाऱ्याने इथे लाड करू नये, लेकरू रडकुंडीला आलं तरी. मारलं किंवा नाडा हिसकला तर कुत्रं बाजेखाली जाऊन बसते आणि खेळ तिथेच बंद. ५-१० मिनिटं पुरे, खरं पिल्लूही त्याच्याहून जास्त वेळ लक्ष देत नाही.

'थांब' याच पद्धतीने, आधी एक पाऊल मागे, मंग दोन, मंग ओसरीच्या खांबापर्यंत. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, एकाने 'थांब' अन् दुसऱ्याने 'राय' म्हटलं तर मोत्या कोणाचं ऐकणार.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते तो जेवणाचा खेळ. मोत्यासमोर वाटी ठेवा, पोत्यावर झोपवा, आणि लेकराला बाजूने जायला शिकवा, हात लावायचा नाही. गावातल्या कुत्र्याला जेवताना, झोपेत किंवा पिल्लं जवळ असताना छेडलं की ते चावते, आणि लहान लेकराला तर चेहऱ्यालाच लागते. चावलंच तर जखमेवर तिखट, चुना काही भरू नका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला न्या, खरचटलं असलं तरी न्या.

आंघोळ उन्हाळ्यात घाला, पावसाळ्यात आतला कापूस वाळत नाही आणि वास मारते. कापूस भरलेला असेल तर पोटाची शिवण उसवा, कापूस काढून वेगळा उन्हात टाका, वरचं कापड तेवढं साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवा. विकतच्यात बहुतेक फायबर असते, ते तसंच उशीच्या खोळीत घालून धुतलं तरी चालते. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि बाजेवर टाका, सुंभातून खालूनही हवा लागते, कान दुमडलेले राहिले तर तसेच वाळतात म्हणून सरळ करून ठेवा. मे महिन्यातल्या उन्हात रंग उडते, वरून पातळ ओढणी टाका.

आणि खरं पिल्लू आणायची वेळ आली की ते निदान ८ आठवडे आईजवळ राहू द्या, रेबीजची लस कधी द्यायची ते जनावरांच्या डॉक्टरला आधीच विचारून ठेवा, आणि चॉकलेट, मनुका, कांदा त्याच्या तोंडाला लागू देऊ नका.