शिडाच्या बोटीनं बेटं फिरायचीत? मग या चुका कोल्हापुरातच टाळा

'भिशीच्या पैशातून यंदा गोवा नको, बोट भाड्यानं घेऊन बेटं फिरू,' असा ठराव हल्ली कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपमध्ये होतो. ठराव चांगलाच आहे. थायलंडमधलं फुकेत, क्राबी किंवा हिंदी महासागरातलं सेशेल्स अशा ठिकाणी सात-आठ जणांसाठी शिडाची बोट आठवड्याच्या बोलीनं मिळते, कॅप्टन सोबत येतो. रोज वेगळ्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा, पाण्यात उतरायचं, जेवायचं, झोपायचं. पण अशा सहली बहुतेक निघण्याआधीच बिघडलेल्या असतात, कारण बेत आखला जातो टेम्पो ट्रॅव्हलर ठरवल्यासारखा. तारखा आपल्या, थांबे आपले, ड्रायव्हरनं फक्त चालवायचं. समुद्र हे ऐकत नाही.

शाळेची सुट्टी बघून तारीख ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मेमध्ये पोरांना सुट्टी, म्हणून मेअखेरचं फुकेत बुक होतं. तिकडे अंदमान समुद्रावर नैऋत्य मोसमी वारे मेमध्येच पोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत पश्चिम किनारा खवळलेला असतो. फुकेतच्या वायव्येकडच्या सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. ज्या निळ्याशार फोटोंवर ग्रुप भाळतो, ते बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतले असतात. तिथला खरा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल.

मेशिवाय जमणारच नसेल, तर सिमिलन विसरा आणि फुकेतच्या पूर्वेकडचा फांग ङा उपसागर धरा. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा फुकेत बेट स्वतःच अडवतं, त्यामुळे हा भाग पावसाळ्यातही बराच शांत असतो. चुनखडीचे उभे सुळके, त्यांच्या पोटातल्या गुहा, याओ नोईसारखी निवांत बेटं, एवढ्यात आठवडा सहज जातो. पावसाच्या सरी येतील, पण गगनबावड्याचा पाऊस बघितलेल्यांनी त्याचं कौतुक सांगू नये.

सेशेल्सचं गणित वेगळं. मुख्य बेटं विषुववृत्ताच्या खाली चार-पाच अंशांवर असल्यानं तिथे चक्रीवादळांची भीती जवळपास नसते, पण जून ते सप्टेंबर आग्नेय वारे जोर धरतात. मुरलेल्या खलाशाला ते हवेच असतात, पहिल्यांदा निघालेल्या कुटुंबाला मात्र जड जातात. वारे बदलतानाचे मधले दिवस, म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, सोयीचे. दिवाळीची सुट्टी इथे नेमकी बसते. अडचण फक्त उसाची. कारखाने सुरू झाले की तोडणीची टोळी कधी फडात उतरेल याचा नेम नसतो, आणि ऐनवेळी 'तुम्ही व्हा पुढं' असा फोन येतो. शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत माणूस गळाला तरी बोटीचं भाडं बहुतेक करारांत परत मिळत नाही. ग्रुपमधल्या शेतकऱ्याला तारीख ठरल्यावर कळवू नका, ठरवताना विचारा.

'मेव्हणा मर्चंट नेव्हीत आहे, तोच चालवेल'

नाही चालवणार. बोट बिगर-कॅप्टन घ्यायची तर चार्टर कंपनी शिडाच्या बोटीचा परवाना किंवा तसल्या बोटी चालवल्याची नोंद मागते. मोठ्या जहाजावर इंजिनिअर असलेल्या माणसाला चाळीस-पंचेचाळीस फुटी बोट वाऱ्याच्या जोरात नांगरता येईलच असं नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. कॅप्टनसकटच बोट घ्या. त्याचं रोजचं मानधन वेगळं, जेवण आपल्याकडे, आणि झोपायची जागाही आपणच द्यायची. ही जागा लोक विसरतात. चार खोल्या, चार जोडपी असा हिशेब करून पोचलात, तर कॅप्टन कुठे झोपणार? काही बोटींना पुढच्या टोकाला त्याच्यासाठी चिंचोळी खोली असते, काहींना नसते. बुकिंगआधी बोटीचा नकाशा मागवून हे बघा. तान्ही पोरंही माणसांच्या संख्येत धरली जातात. बोटीची परवानगी दहा जणांची असेल तर अकरावं बाळ मांडीवरसुद्धा चालत नाही.

बोट निवडताना पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कॅटमरान, म्हणजे दोन पोटांची बोट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पायांवर उभी असल्यानं ती फारशी कलत नाही. एका पोटाची बोट वाऱ्यात चांगली पंधरा-वीस अंश कलते. गंमत तिच्यातच जास्त, पण आजीला आणि आमटीला ती मानवत नाही.

पैसे एकाच्याच नावावर

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि मैत्रीत खडा इथेच पडतो. ज्याच्या सहीनं करार होतो, त्याच्या क्रेडिट कार्डावर कंपनी अनामत अडकवते. कॅटमरानसाठी ती रक्कम हजारो डॉलरांत असू शकते. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुद्दाम सुरू करून घ्यावा लागतो. तो न करता गेलात तर चावी मिळायच्या जागी बँकेच्या हेल्पलाइनची गाणी ऐकत धक्क्यावर बसावं लागतं. सहलीचे पैसे परदेशी पाठवताना टीसीएस (अशा रकमेवर आगाऊ वसूल होणारा कर) कापला गेला, तर तोही पाठवणाऱ्याच्याच पॅनवर जमा दिसतो. तो विवरणपत्र भरताना मिळतो हे खरं, पण मधले काही महिने एकट्याचेच पैसे अडकतात. ज्याचा त्यानं आपला हिस्सा पाठवावा, कंपनी तयार नसेल तर सगळ्यांनी त्याला आगाऊ द्यावेत.

नुकसान झालं तर कोण भरणार, हे निघण्याआधी लेखी ठरवा. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही पुरे. डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या बोटीचं, इंजिन खडकावर आपटणं हे नेहमीचं नुकसान, आणि ते चालवणारा बहुधा करारावर सही न केलेलाच असतो. अनामतीचा धोका कमी करणारा विमा बहुतेक कंपन्या देतात. तो घ्यावा.

रोज नवं बेट

शिडाची बोट पाच-सहा नॉटनं जाते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा बोटीचा वेग आपल्या हिशेबानं ताशी दहाएक किलोमीटर. सेशेल्समधल्या माहे बेटापासून प्रालँ बेटापर्यंतचं अंतर पंचवीसेक सागरी मैलांचं, तिकडे फेरी तासाभरात पोचते, शिडाला चार-पाच तास लागतात. कागदावर दोन बेटं एका बोटाच्या अंतरावर दिसतात म्हणून दिवसाला तीन थांबे लिहिणारे लोक आहेत. त्यांना कॅप्टन नम्रपणे हसतो.

संध्याकाळी चारच्या आत नांगर पडलाच पाहिजे असं धरून आखणी करा. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही, सूर्य सहा-साडेसहाला गेला की लगेच अंधार, आणि पाण्याखालचं प्रवाळ दिसतं ते सूर्य डोक्यावर असतानाच. रात्री बोट चालवायला बऱ्याच करारांत मनाई असते. आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा सोडा, वारा फिरला तर तो कामाला येतो.

भरती-ओहोटीही तपासा. फांग ङामधल्या गुहांत डिंगी किंवा कायाक ठरावीक पाण्यालाच शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मालवणकडे कुणी ओळखीचा मच्छीमार असेल तर त्याला विचारा, अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी कसं शांत राहतं ते तो तिथी बघून सांगेल.

थायलंडच्या फी फी बेटांवरच्या माया बेचं नाव यादीत असेलच. तो किनारा २०१८ मध्ये बंद करून २०२२ मध्ये पुन्हा उघडला. आता बोटी आत जात नाहीत, मागच्या बाजूनं उतरावं लागतं आणि तिथे पोहायला मनाई आहे. एवढं करून जायचं का, हे ग्रुपनं ठरवावं. मी नसतो गेलो.

उलटीची लाज

ग्रुपमध्ये कुणाला बोट लागते हे कुणी आधी बोलत नाही. फोंडा घाटात तोंडाला पिशवी लावणारा माणूस बोटीत ठीक राहील अशी आशा धरू नका. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती बोट हलायच्या आधी पोटात असावी लागते. सिनारिझीन, मेक्लिझीन असल्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्यानं झोप येते, आणि बिअरबरोबर तर फारच येते. बसायला बोटीची मागची उघडी बाजू, नजर क्षितिजावर. खाली खोलीत जाऊन मोबाइल बघणारा पहिला आडवा होतो. उलटी करायची ती वाऱ्याच्या उलट्या दिशेला नको, हे एकदाच समजावून सांगा.

मसाल्याचा डबा

कोल्हापूरकर चार दिवसांवर सपक खाऊ शकत नाही, हे गृहीत धरून बोलू. कांदा-लसूण मसाला न्यायचाच, पण दोन गोष्टी बघून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत. त्यात तेल असतं, पेट घेण्याचा धोका म्हणून बंदी आहे. पांढऱ्या रश्श्यासाठी म्हणून कुणीतरी हटकून वाट्या भरतं आणि मुंबई विमानतळावर बॅग उघडायला लागते. दुसरी, खसखस. सेशेल्सचं थेट विमान न मिळाल्यानं दुबईमार्गे निघालात, तर खसखस अमिरातीत बंदी असलेला माल आहे, चिमूटभरसुद्धा. घरच्या मसाल्यात ती कुटलेली असते हे लक्षात राहत नाही. या सहलीपुरता बिनखसखशीचा मसाला कुटून घ्या. ताजी फळं, मांस, बियाणं तर कुठेच नेऊ नका.

बोटीवरच्या स्वयंपाकघरात दोन-तीन बर्नर, एक ओंजळभर ओटा. फोडणी नांगर टाकल्यावरच द्यायची. चालत्या बोटीत तापलेलं तेल कढईबाहेर कधी येईल सांगता येत नाही. पिठलं, मुगाची खिचडी, उप्पीट, अंडाकरी असलं एका भांड्यात होणारं जमतं. भाकरी थापायचा हट्ट पहिल्या दिवशीच सुटतो. घरचा छोटा कुकर न्याच, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. आणि गॅस. तो हवेपेक्षा जड असल्यानं गळाला तर खिडकीतून निघून जात नाही, बोटीच्या तळाशी साचतो, आणि नंतर एका ठिणगीचंच काम उरतं. स्वयंपाक संपला की बर्नर बंद करून भागत नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करायचा. हे काम एकाच माणसाच्या गळ्यात घाला.

ग्रुपमध्ये जैन मंडळी आणि मटणवाले एकत्र असतील तर भांडी वेगळी न्या आणि शाकाहारी स्वयंपाक आधी उरका. शेगडी एकच आहे.

संडास तुंबणं

बोटीवर दोन-तीन दिवसांत हमखास येणारी अडचण. नळी मनगटाहूनही बारीक असते. पोटातून आलेल्याशिवाय त्यात काही जाऊ द्यायचं नाही, कागदसुद्धा नाही, सॅनिटरी पॅड तर नाहीच. हातपंपाचा असेल तर पंधरा-वीस वेळा दांडी मारायची, दोनदा मारून निघून जायचं नाही. पाणी वापरायची आपली सवय इथे फायद्याची, छोटा मग ठेवला की झालं. तुंबलाच तर जोर करू नका, कॅप्टनला लगेच सांगा. लपवलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या बोटीला कळतंच.

गोडं पाणी मोजकं. सहाशे-सातशे लिटरची टाकी आठ जण अंघोळीत दोन दिवसांत संपवतात. समुद्रात डुंबून यायचं, मागच्या पायरीवर तांब्या-दोन तांब्यांनी अंगावरचं खारं पाणी काढायचं, बस्स. एसी जनरेटर चालू असेपर्यंतच असतो, आणि फ्रिज दर पाच मिनिटांनी उघडला की रात्री बॅटरी रडते.

पंचगंगेत पोहलोय की

जलतरणपटू वीरधवल खाडेच्या गावचे असल्याचा अभिमान ठीक आहे, पण पंचगंगेत आणि रंकाळ्यात शिकलेलं पोहणं समुद्रातल्या ओढीला पुरत नाही. नांगरलेल्या बोटीवरून उडी मारली आणि भरतीचा प्रवाह असला, तर दोन मिनिटांत बोट दूर गेलेली दिसते. पाण्यात उतरण्याआधी मागे लांब दोर आणि त्याच्या टोकाला तरंगता गोळा बांधून सोडायला सांगा. उलट, पोहता न येणाऱ्यांना घरी ठेवायचं कारण नाही, लाइफजॅकेट घालून तेही मजेत तरंगतात. पोरांच्या मापाची जॅकेटं मात्र बुकिंग करतानाच मागा. स्नॉर्केलचा सराव एकदा तारकर्लीला करून घ्या, म्हणजे परदेशात पहिला दिवस नाकातोंडात पाणी जाण्यात जात नाही.

थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनला २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे बाटलीमागची यादी वाचून घ्या. बॅगा मऊ कापडी. चाकांची कडक सुटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते.

शेवटचा दिवस

शेवटच्या सकाळी स्कूबा आणि संध्याकाळचं विमान, असं कधी करू नका. सलग काही दिवस डुबक्या मारल्या असतील तर विमानाआधी किमान अठरा तास, शक्यतो चोवीस तास मोकळे हवेत, नाहीतर रक्तातला नायट्रोजन त्रास देतो. बोट आदल्या संध्याकाळीच मरिनाजवळ, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याजवळ, आणून ठेवा. डिझेल भरणं, सामान मोजणं, ताब्यात घेताना काढलेले फोटो दाखवून जुने ओरखडे कुठले ते पटवणं, यात सकाळ जाते. पाणबुड्या माणूस येऊन बोटीचा तळ तपासतो, तेव्हा करारावर सही केलेला माणूस धक्क्यावर हजर पाहिजे, बाकीच्यांनी तोवर टॅक्सी बघावी.