टुणुक टुणुक भोपळा: पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी स्टेजवरचा पोशाख

गोष्टीतल्या म्हातारीचा भोपळा घरी शिवायला दीड मीटर केशरी पॉपलिन (पन्हा 44 इंच) पुरतं. कोल्हापुरात महाद्वार रोडला कापड घेतानाच अर्धा इंची इलॅस्टिक आणि थोडं हिरवं फेल्टही घ्या.

पन्ह्यातून 75 सेंमी उंच, दीड मीटर लांब पट्टी कापा, उरलेल्यातून टोपी होते. पट्टीवर दर 18-19 सेंमीला उभी रेघ आखून त्यावर दुहेरी दोऱ्याने मोठा धावदोरा घाला आणि 75 चे 60 सेंमी होईतो ओढून गाठ मारा. भोपळ्याच्या फाका इथंच उठतात. हे टाळून नुसतं भरलंत तर पोरगं भोपळा नाही, गादीची गुंडाळी दिसतं! मग आतून जुन्या सुती साडीचं 60 सेंमी उंच अस्तर लावा, वरून 6 सेंमी सोडून दोन्ही बाजूंना हातांसाठी 15 सेंमीच्या चिरा द्या आणि कडा दुमडून शिवा. वर नाडी, खाली 70 सेंमी इलॅस्टिक. त्याहून घट्ट केलं तर स्टेजच्या पायरीवर पाय अडकतो.

भरायला उशीतला फायबर, तोही फाकांपुरता सैल. रद्दी जड होते, शिवाय माइकजवळ खरखरते. फुगे तर विसराच, बसलं की फटाका.

म्हातारीचे केस पांढऱ्या लोकरीचे करा. कापूस फेविकॉलने चिकटवला की चपटा होतो, आणि कोल्हापुरी पावसात दोन दिवस वाळत नाही.