आधी यादी, मग सायकल

बॉस्टन परिसरातलं कुणी मराठी 'पॅन-मास चॅलेंज'मध्ये, म्हणजे कॅन्सरवरच्या कामासाठी देणग्या जमवून करायच्या सायकल राइडमध्ये, उतरायचं म्हणालं की मला हमखास विचारतं, "सायकल कुठली घेऊ?" मी विचारते, "यादी झाली का?"

ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी स्टरब्रिजहून निघायचं आणि केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला पोचायचं. पहिल्या दिवशी बोर्नपर्यंत १०० मैलांच्या वर, दुसऱ्या दिवशी आणखी ७०हून जास्त. पाय सरावाने तयार होतात. पैसे मागायला तोंड उघडत नाही, ही खरी अडचण. नोंदणी करतानाच क्रेडिट कार्ड द्यावं लागतं. प्रत्येक रायडरने जमवायची ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही, तर उरलेली आपल्या कार्डावरून जाते. पहिल्या वर्षी मी जुलैत जागी झाले आणि बरेच पैसे स्वतः भरले.

गणपतीची वर्गणी आठवा. पावतीपुस्तक घेऊन दार वाजवल्याशिवाय ती जमत नाही. इथेही नुसती ग्रुपवर लिंक टाकली, तर लोक मनापासून शुभेच्छा देतात आणि कामाला लागतात. म्हणून जानेवारीतच वहीत शंभर नावं लिहा: ऑफिस, शेजार, मुलांच्या मित्रांचे पालक, मंडळातली माणसं. प्रत्येकाला त्याच्या नावाने चार ओळी, आणि कुणासाठी चालवताय ते पहिल्याच ओळीत. मी लिहिते, "माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली." पहिल्यांदा हे लिहिताना हात थांबला होता. पण उत्तरं आली ती आपापल्या घरातल्या माणसांची नावं घेऊन. ती सगळी नावं मी कागदावर लिहून हँडलला बांधते.

"यातले खर्चात किती जातात?" असं विचारतातच. सांगा की रायडरने जमवलेले १०० टक्के पैसे डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला, म्हणजे बॉस्टनमधल्या कॅन्सर रुग्णालय आणि संशोधन केंद्राला जातात. या राइडचे संस्थापक बिली स्टार यांचीही आई कॅन्सरने गेली होती. त्यांनी १९८०मध्ये ही राइड सुरू केली तेव्हा ३६ जण होते आणि १०,२०० डॉलर जमले. आजवरची एकूण रक्कम १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. देणगी आली की लगेच विचारा, "तुमची कंपनी मॅचिंग देते का?" म्हणजे तुमच्या देणगीला जोडून कंपनीही आपली भर घालते का. बोस्टनकडच्या बऱ्याच कंपन्या देतात, पण फॉर्म भरायचा राहून जातो. पुन्हा एकदा आठवण करा, अजिबात संकोचू नका.

सरावाचं थोडक्यात: एप्रिलपासून शनिवारी लांब पल्ला आणि रविवारी त्याच थकलेल्या पायांनी पुन्हा. रविवार चुकवू नका, दुसरा दिवस त्यावरच निघतो. तहान लागायच्या आधी पाणी प्या. मी खिशात गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी ठेवते.

राइडनंतर आठवड्याभरात प्रत्येकाला फोटो पाठवा, हँडलवरच्या कागदावर त्यांच्या माणसाचं नाव वाचता येईल असा. आमच्या शेजारणीने तो फ्रिजवर लावलाय, तिच्या भावाच्या नावाखाली पेनाने रेघ ओढून. यंदा मी दार वाजवायच्या आधीच ती चेक घेऊन आली.