हुड घालायच्या आधी या चुका टाळा

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरून विद्यार्थी घेऊन उडतो, तेव्हा चाळीसेक तास झालेला प्रत्येक जण विचारतो, "सर, इन्स्ट्रुमेंट कधी सुरू करायचं?" म्हणजे डोळ्यांवर हुड, बाहेरचं झाकणारा पडदा, लावून फक्त समोरची घड्याळं बघत उडणं. सीपीएलचे, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याचे, २०० तास लवकर भरायचेत, घरच्यांनी कर्ज काढलंय, घाई मला कळते. पण क्षितिज समोर दिसत असताना ज्याचं विमान सरळ जात नाही, त्याला ढगात नेऊन मी काय शिकवू?

सगळ्यात वाईट चूक ट्रिमची, म्हणजे योकवरचा (विमानाच्या हँडलवरचा) हाताचा जोर काढून टाकणाऱ्या चाकाची. खानापूरकडचा एक मुलगा होता, हुशार. घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर चालवून सगळी घड्याळं तोंडपाठ केलेली. सेसना १७२ या छोट्या विमानातून हिडकल धरणाच्या अंगाला ५,५०० फुटांवर आलो, त्याला हुड घातला. मी फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली. त्यानं मान रेडिओकडे वळवली आणि तेवढ्यात विमान ३०० फूट वर गेलं. मग त्यानं नोज, विमानाचं नाक, खाली दाबलं. चढ-उतार दाखवणारी सुई खरा आकडा दाखवायला सहा ते नऊ सेकंद घेते. तेवढा धीर त्याला नव्हता, म्हणून आणखी दाबलं. आता ४०० फूट खाली. "सर, सुई थांबतच न्हाई!"

मी हुड काढायला लावला. बाहेर लख्ख ऊन, तरी तेच चाललेलं. योकवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. चढाईतला ट्रिम तसाच राहिला होता. समतल झाल्यावर वेग वाढतो, नोज वर यायला बघतं, आणि हा ते मनगटाच्या जोरावर दाबून धरत होता. लक्ष उडालं की हात ढिला, की विमान वर. मी विचारलं, "घरी बैलांचा कासरा असाच आवळून धरतोस काय रे?" तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

पुढचे सहा तास आम्ही हुडला हात लावला नाही. माझी सवय अशी: आधी नोज क्षितिजावर बसवायचं, वेग स्थिरावू द्यायचा, पॉवर लावायची, मग ट्रिम. त्यानंतर योक सोडून दहापर्यंत मोजायचं. विमान जागचं हललं तर पुन्हा ट्रिम. घड्याळांवर मी जाड कागद चिकटवतो. विद्यार्थी चिडतात, चिडू देत.

दुसरी चूक रडरची, म्हणजे पायांनी फिरवायच्या शेपटीवरच्या सुकाणूची. चढाईत पूर्ण पॉवरला विमान डावीकडे ओढतं, उजवा पाय द्यावाच लागतो. पाय जमिनीवर टेकवून बसलेला विद्यार्थी मला लगेच कळतो, कारण विमान तिरकं घसरतंय का हे दाखवणारा घड्याळातला बॉल उजव्या कडेला जाऊन बसलेला असतो. बाहेर बघून ही चूक खपते. ढगात बॉल बाजूला राहिला की दिशा सरकते आणि का सरकली हे कळत नाही.

स्टॉलला, म्हणजे नोज फार वर जाऊन पंखांची उचल तुटण्याला, घाबरून तो सराव टाळू नका.

वळताना उंची गेली तर आधी बँक, म्हणजे पंखांचा कल, कमी करा, मग योक ओढा.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या ३५ अंशांत विमानाला हवा साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. चढाई मंद वाटली म्हणून नोज वर ओढू नका, वेग सांभाळा.

तो खानापूरचा मुलगा सहा तासांनी पुन्हा हुडखाली बसला. मी फ्रिक्वेन्सी दोनदा बदलायला लावली. उंचीची सुई ५० फुटांच्या आत राहिली, आणि त्याचा डावा हात दोन बोटांवर होता.